डोळ्यांखाली बारीक पांढरे दाणे, भावाचं लग्न २२ दिवसांवर, काय करू?

संत्रीबर्फी | १२ नोव्हेंबर, रात्री १०:४०

नमस्कार मंडळी. धागा काढू की नको करत दोन दिवस गेले, आज आरशात पाहून परत डोकं उठलं म्हणून काढूनच टाकते. माझ्या दोन्ही डोळ्यांखाली बारीक पांढरे दाणे आले आहेत, उजवीकडे चार आणि डावीकडे तीन. खसखशीपेक्षा मोठे, मोहरीपेक्षा लहान. दुखत नाहीत, खाजत नाहीत, लाल नाहीत. दाबलं तर कडक लागतात आणि आतून काहीच येत नाही (हो, दाबून पाहिलं, ओरडू नका). दिवाळीच्या थोडं आधीपासून आहेत.

४ डिसेंबरला भावाचं लग्न आहे आणि मी एकुलती एक करवली. पार्लरवाल्या ताई म्हणतात सुईने काढून देते, दोन मिनिटांचं काम. आई म्हणते उष्णता झाली. काकू म्हणतात चरबी आहे, कोलेस्टेरॉल तपास. मी ३१ वर्षांची, वजन ५२ किलो, चरबी येऊन कुठून राहिली बाप्पा?

हे नेमकं काय असतं आणि २२ दिवसांत जाईल का?

तर्रीवाला | १२ नोव्हेंबर, रात्री १०:५२

उष्णता. नागपुरात पोट दुखलं तरी उष्णता, केस गळले तरी उष्णता, पेपरात नापास झालं तरी उष्णता. नोव्हेंबर असला म्हणून काय झालं.

सीताबर्डीची_सून | १२ नोव्हेंबर, रात्री ११:१५

मला पण होते सेम टू सेम, लग्नाआधी तीन वर्षं होते, मग एक दिवस पाहिलं तर दोन आपोआप गेलेले. एक अजून आहे. मी त्याला नाव ठेवलं आहे.

सुईचं सांगते. माझ्या नणंदेने पार्लरमध्ये काढून घेतले होते, कोणत्या ते सांगत नाही. सेफ्टी पिन होती, गॅसवर धरून "गरम केली" म्हणे. दाणा गेला आणि त्या जागी काळा डाग आला तो आठ महिने राहिला. पांढऱ्याचा काळा झाला एवढाच फरक.

निवृत्त_सिस्टर | १३ नोव्हेंबर, सकाळी ६:२०

संत्रीबर्फी बेटा, मी ३१ वर्षं नर्स होते, त्यातली सहा त्वचा विभागाच्या ओपीडीत. तू लिहिलंस त्यावरून मिलिया वाटतात, पण न पाहता खात्रीने सांगणार नाही आणि कोणी सांगत असेल तर त्याचंही ऐकू नकोस.

मिलिया म्हणजे काय ते सांगते. आपल्या कातडीचा वरचा थर सतत झडत असतो, त्यात केराटिन असतं, नखात आणि केसात असतं तेच. ते कधी कधी बाहेर न पडता कातडीच्या अगदी वरच्या थराखाली अडकतं आणि त्याची इवलीशी गोल गाठ होते, एक-दोन मिलिमीटरची. आत पू नाही, चरबी पण नाही. म्हणून काकूंना सांग की या दाण्यांचा कोलेस्टेरॉलशी संबंध नाही.

दाबून काही येत नाही कारण त्याला तोंडच नसतं. मुरमाला तोंड असतं, याला वरून कातडीचं झाकण. कितीही दाबशील तर आजूबाजूची कातडी सुजेल, दाणा तिथेच बसेल. आणि पापणीची कातडी अख्ख्या शरीरात सगळ्यात पातळ असते, तिथे नखं लावायची नाहीत. वाफ घेऊनही उघडत नाही, लोक उगाच भांड्यावर तोंड भाजून घेतात.

२२ दिवसांत आपोआप जातील का? मोठ्या माणसांत सांगता येत नाही, महिनोन् महिने राहतात. लहान बाळांचे मात्र काही आठवड्यांत जातात.

तर्रीवाला | १३ नोव्हेंबर, सकाळी ७:०५

सिस्टर सकाळी ६:२० ला एवढं लिहून राहिल्या, आम्ही त्या वेळेस पोह्याच्या लाइनीत पण नसतो.

ट_ला_ट | १३ नोव्हेंबर, सकाळी ९:३०

बाळांवरून आठवलं. माझी मुलगी १९ दिवसांची आहे, नाकावर आणि गालावर असेच पांढरे ठिपके. सासूबाई रोज साय आणि डाळीच्या पिठाने घासायला बसतात, म्हणतात घासल्याशिवाय जात नाही, आमच्या घरी सगळ्यांना घासलं. मी नाही म्हटलं तर दोन दिवस अबोला. काय करू?

निवृत्त_सिस्टर | १३ नोव्हेंबर, सकाळी ११:१०

घासू देऊ नकोस. जवळपास निम्म्या नवजात बाळांना हे असतं. काहीच करायचं नसतं, कोमट पाण्याने तोंड पुसायचं, बस. सासूबाईंना सांग की सिस्टर म्हणाल्या पाठीला आणि पायाला तेल लावा, तिकडे हात चालू द्या, तोंड सोडा. सासवांना काम काढून घ्यायचं नसतं, दुसरं द्यायचं असतं.

झिरो_माईल | १३ नोव्हेंबर, दुपारी १:४४

काकूंना एवढं पण मोडीत काढू नका. माझा अनुभव लिहितो. मला ४२ व्या वर्षी डोळ्यांच्या आतल्या कोपऱ्याजवळ, नाकाच्या बाजूला, पापणीवर पिवळसर चट्टा आला. दाणा नव्हे, चपटा, मऊ, लोण्याचा डाग पडल्यासारखा. बायको म्हणे चष्म्याचा डाग आहे, मी पण तेच धरून एक वर्ष काढलं. मग मित्राच्या मुलीने, ती डॉक्टर आहे, एका लग्नात जेवताना पाहिलं आणि म्हणाली काका लिपिड प्रोफाइल करून घ्या. मी हातातला गुलाबजाम ठेवला नाही ही गोष्ट वेगळी, पण सोमवारी तपासलं तर एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, १९० च्या वर. त्याला झँथेलाझ्मा म्हणतात. ती खरंच चरबी असते.

सगळ्यांचंच कोलेस्टेरॉल वाढलेलं असतं असं नाही, साधारण निम्म्यांचं नॉर्मलच निघते म्हणे. पण तपासायचं तर आहे.

म्हणजे पांढरा गोल कडक दाणा वेगळा आणि पिवळा चपटा चट्टा वेगळा.

संत्रीबर्फी | १३ नोव्हेंबर, दुपारी २:१०

माझे चपटे नाहीत, गोल आहेत. पण झिरो माईल भाऊ, तुमची पोस्ट काकूंना दाखवली, आता त्या जिंकल्यासारख्या फिरून राहिल्या घरात.

पुणेकर_नागपुरात | १३ नोव्हेंबर, संध्याकाळी ६:३०

एक गंमत. मिलियम हा लॅटिन शब्द आहे, अर्थ बारीक भरडधान्य. त्याचंच अनेकवचन मिलिया. वरईच्या तांदळाएवढे दाणे म्हणून हे नाव. आणि घामोळ्यांना डॉक्टर मिलियारिया म्हणतात, तो शब्दही तिथूनच आला. म्हणून गूगलवर मिलिया शोधायला गेलं की घामोळ्यांचे फोटो येतात आणि माणूस घाबरतो. दोन्ही गोष्टी पूर्ण वेगळ्या आहेत. घामोळ्या घामाची नळी बंद झाल्याने येतात आणि खाजतात.

इतवारी_किराणा | १३ नोव्हेंबर, संध्याकाळी ६:४१

वरई नाही हो भाऊ, भगर. भ ग र. नागपुरात राहून किती वर्षं झाली तुम्हाला?

पुणेकर_नागपुरात | १३ नोव्हेंबर, संध्याकाळी ६:४५

अकरा. आणि अजूनही भाजीवाल्याकडे सांबार मागताना मला इडली आठवते.

तर्रीवाला | १३ नोव्हेंबर, संध्याकाळी ६:५०

कोथिंबीर म्हणणाऱ्याला जास्तीचा भाव लागते बर्डीवर. घामोळ्यांचं मात्र आम्हाला शिकवू नका, ज्या गावात २०२४ च्या मे महिन्यात यंत्राने ५६ डिग्री दाखवले होते त्या गावचे आहोत. नंतर हवामान खात्याने सांगितलं सेन्सर बिघडला होता. सेन्सरले बी घामोळ्या झाल्या असतील.

दवाबाजार | १४ नोव्हेंबर, सकाळी १०:२५

माझं मेडिकल स्टोअर आहे, कुठे ते राहू द्या. संत्रीबर्फी ताई, एक प्रश्न विचारतो, राग मानू नका. डोळ्याखाली काय लावून राहिल्या तुम्ही? क्रीमची ट्यूब असेल तर मागच्या बाजूला बारीक अक्षरात काय लिहिलं आहे ते वाचून इथे टाका. मोमेटासोन, बीटामेथासोन, क्लोबेटासोल, फ्लुओसिनोलोन यातलं काही आहे का?

कारण रोज दुकानात दहा लोक येऊन "ती गोरं करणारी ट्यूब द्या", "डार्क सर्कलची द्या, मैत्रीण लावते ती" म्हणतात. चिठ्ठी मागितली तर पुढच्या दुकानात जातात आणि पुढचा देतो.

संत्रीबर्फी | १४ नोव्हेंबर, सकाळी ११:०२

थंडी सुरू झाली म्हणून रात्री बदाम तेल, त्यावर जाड आय क्रीम. आणि डार्क सर्कलसाठी ऑफिसमधल्या मैत्रिणीने दिलेली एक ट्यूब, सप्टेंबरपासून.

आता वाचलं. हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन, मोमेटासोन.

मोमेटासोन आहे.

दवाबाजार | १४ नोव्हेंबर, सकाळी ११:२०

मला हेच वाटत होतं. हे तीन औषधांचं मिश्रण चेहऱ्यावरच्या वांगासाठी डॉक्टर थोड्या आठवड्यांसाठी लिहून देतात, डोळ्याखाली लावायला नाही. मोमेटासोन स्टेरॉइड आहे. जास्त दिवस लावलं की कातडी पातळ होते, बारीक लाल शिरा दिसायला लागतात, मुरुमं येतात, आणि मिलियाही येऊ शकतात. डोळ्याच्या इतक्या जवळ महिनोन् महिने लावलं तर डोळ्याचा दाब वाढायची पण भीती असते. दाणे त्यानेच आले असं मी म्हणत नाही, पण ट्यूब घेऊन डॉक्टरांना दाखवा, ट्यूब घरी विसरू नका. लोक विसरतात आणि "काहीच लावत नाही" सांगतात.

अनामिका_धंतोली | १४ नोव्हेंबर, दुपारी ३:३०

माझे मिलिया अडॅपलीन जेलने (व्हिटॅमिन ए च्या जातीचं औषध) गेले. डॉक्टरांनी दिलं होतं, एक दिवसाआड रात्री, अगदी मटाराच्या अर्ध्या दाण्याएवढं आणि डोळ्यापासून लांब, हाडावर. तीन महिने लागले. पहिले तीन आठवडे कातडी सोलून निघत होती, ऑफिसात लोक विचारायचे बरं नाही का. लग्न २२ दिवसांवर असताना सुरू केलं तर करवली सोललेल्या तोंडाने उभी राहील, म्हणून आत्ता नको.

ट_ला_ट | १४ नोव्हेंबर, दुपारी ४:००

हे मी पण लावू का? बाळाला दूध पाजते, मला पण आहेत दोन-तीन.

अनामिका_धंतोली | १४ नोव्हेंबर, दुपारी ४:१२

नाही ग, डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. गरोदरपणात तर या जातीची औषधं लावतच नाहीत. तुझे बाळाबरोबर जातील बघ.

गोळाभात | १४ नोव्हेंबर, रात्री ९:१५

माझं वेगळंच आहे. मागच्या वर्षी संक्रांतीला गोळाभातावर घालायला तेलाची फोडणी केली, लसूण टाकला, त्यात थोडं पाणी राहिलं होतं, जे उडालं ते डाव्या गालावर आणि डोळ्याच्या खाली. तीन फोड आले. बरं झालं, डाग पण फिका पडला, आणि दोन महिन्यांनी त्याच जागी, बरोब्बर त्याच जागी, चार पांढरे दाणे. मला वाटलं फोडात काही राहून गेलं. स्किनच्या डॉक्टर म्हणाल्या भाजल्यावर, फोड आल्यावर, कधी लेसर केल्यावर पण नवीन कातडी येताना असे दाणे होतात. थांबा म्हणाल्या, थांबली, सहा महिन्यांत तीन गेले.

गोळाभात सोडला नाही. लसूण पुसून टाकते आता.

पुणेकर_नागपुरात | १४ नोव्हेंबर, रात्री ९:३०

भातावर कच्चं-पक्कं तेल ओतणारे लोक तुम्ही, काय बोलणार.

इतवारी_किराणा | १४ नोव्हेंबर, रात्री ९:३३

यांना धाग्यातून काढा.

बंटीभाऊ | १५ नोव्हेंबर, सकाळी ८:४०

एवढं कायले करता. आमच्या गावाकडे चामखिळीवर चुना आणि सोडा लावतात, तीन दिवसांत गळून पडते. नाहीतर घोड्याच्या शेपटीचा केस बांधा.

निवृत्त_सिस्टर | १५ नोव्हेंबर, सकाळी ८:५५

बंटी, एक मिलिमीटरच्या दाण्याला घोड्याचा केस तू बांधून दाखव.

आणि चुना डोळ्याजवळ कोणीही, कधीही लावायचा नाही. चुन्याने डोळा भाजलेला माणूस मी पाहिला आहे. तंबाखूची चुनापुडी दाबताना फुटली आणि डोळ्यात उडाली होती. असं कधी झालं तर आधी नळाखाली डोळा धरून भरपूर वेळ धुवायचं, मग धावायचं. यावर चेष्टा नको.

बंटीभाऊ | १५ नोव्हेंबर, सकाळी ९:१०

बरं सिस्टर. शब्द मागे घेतला. घोडा पण मागे घेतला.

मानेवाडा_रिंगरोड | १५ नोव्हेंबर, दुपारी १२:२०

मुलांच्या बाबतीत एक लक्षात ठेवा, आमच्या पोराला सहाव्या वर्षी डोळ्याखाली असाच मोत्यासारखा दाणा आला, मी मिलिया म्हणून सोडून दिलं. मग मानेवर, मग काखेत, मग धाकटीला. जवळून पाहिलं तर मधोमध बेंबीसारखा खळगा. ते मोलस्कम निघालं, व्हायरस असतो, टॉवेलने आणि अंगाला अंग लागून पसरतो. मिलिया पसरत नाही कोणाला. आमच्या घरी दहा महिने प्रत्येकाचा टॉवेल वेगळ्या रंगाचा होता, माझ्या वाट्याला गुलाबी आला.

सीताबर्डीची_सून | १५ नोव्हेंबर, दुपारी १:००

स्कार्फने होतं का हो? म्हणजे आपण गाडीवर डोळे सोडून सगळं गुंडाळतो, स्कार्फ बरोबर डोळ्याखाली घासतो. मला कायम वाटतं की त्यानेच होतं.

अनामिका_धंतोली | १५ नोव्हेंबर, दुपारी १:२५

मी विचारलं होतं माझ्या डॉक्टरांना. हसल्या. म्हणाल्या स्कार्फ बांधा, उन्हाने कातडी खराब होऊन पण मिलिया येतात, तेव्हा स्कार्फ उपकारच करतो. फक्त धूत जा.

सीताबर्डीची_सून | १५ नोव्हेंबर, दुपारी १:२७

धूत जा वर मी काही बोलत नाही.

संत्रीबर्फी | २१ नोव्हेंबर, रात्री ९:५०

आली मी. उशीर झाला कारण पत्रिका वाटणं सुरू आहे, आज सक्करदरा आणि महाल झालं, प्रत्येक घरी चहा.

काल स्किनच्या डॉक्टरांकडे गेली. पिशवीत सगळ्या ट्यूबा घेऊन गेली, दवाबाजार भाऊ म्हणाले तसं. त्यांनी टेबलावर ओतल्या आणि एकेक उचलून पाहिली, मोमेटासोनवाली बाजूला ठेवली आणि माझ्याकडे फक्त पाहिलं. आईपेक्षा वाईट होतं ते पाहणं. आजपासून बंद. डोळ्याचा दाब एकदा तपासून घ्या म्हणाल्या, पुढच्या आठवड्यात जाते. बदाम तेल आणि जाड क्रीम डोळ्याखाली नको, साधं हलकं मॉइश्चरायझर ठीक.

आता खरी गोष्ट. भिंग लावून लाइट मारून पाहिलं. सातपैकी पाचच मिलिया! डाव्या बाजूचे दोन वेगळे आहेत, सिरिंगोमा. ते घामाच्या नळीपासून होतात, रंग पांढरा नसून कातडीसारखा किंचित पिवळट, आणि वर गुळगुळीत. बायकांना जास्त होतात. तेही निरुपद्रवी. मला इतके दिवस सगळे सारखेच दिसत होते, त्यांनी आरसा देऊन दाखवलं तेव्हा फरक कळला.

पाच मिलिया कालच काढले. निर्जंतुक सुईच्या टोकाने वर एक बारीक छिद्र करायचं आणि बाजूने हलकं दाबायचं, टुपकन पांढरा मोती बाहेर. आयब्रो करताना जेवढं दुखतं तेवढं. इंजेक्शन नाही काही नाही. एका जागी रक्ताचा थेंब आला. त्यांनी गॉजवर पाचही ठेवून दाखवले आणि मला खरंच भगर आठवली, पुणेकर भाऊ, भगर.

मी म्हटलं मग पार्लरवाल्या ताई पण हेच करणार होत्या. तर म्हणाल्या, हेच, पण त्यांनी ते सिरिंगोमावर पण केलं असतं. त्यात मोती नसतोच, त्या खोदत बसल्या असत्या.

सिरिंगोमाला कॉटरी (विजेच्या सुईने जाळणं) किंवा लेसर लागतं, आठवडाभर खपल्या राहतात, आपल्या रंगाच्या कातडीवर डाग राहू शकतो, आणि परत येऊ पण शकतात. लग्नानंतर ठरवा म्हणाल्या, नाही काढले तरी चालेल.

दवाबाजार | २१ नोव्हेंबर, रात्री १०:०५

ट्यूब नेली हे बरं केलं. ज्या मैत्रिणीने दिली तिला पण सांगा.

संत्रीबर्फी | २१ नोव्हेंबर, रात्री १०:११

सांगितलं. ती म्हणाली तिला तर फरक पडून राहिला. काय बोलू आता.

निवृत्त_सिस्टर | २२ नोव्हेंबर, सकाळी ६:१५

खपली नखाने काढू नकोस, हळदीच्या दिवशी त्या जागी हळद चोळू देऊ नकोस.

ट_ला_ट | ३० नोव्हेंबर, दुपारी १२:३०

मुलीच्या नाकावरचे सगळे गेले! सासूबाई म्हणतात पायाला तेल लावलं म्हणून गेले. मी हो म्हटलं.

संत्रीबर्फी | ७ डिसेंबर, रात्री ११:२०

लग्न छान झालं. पाचपैकी चार जागी काहीच दिसत नाही, एका जागी फिका डाग आहे, कन्सीलर लागलं. डोळ्याचा दाब नॉर्मल आला. दोन सिरिंगोमा तसेच आहेत आणि एकानेही विचारलं नाही. काकूंनी मात्र लिपिड प्रोफाइल करून घेतली, माझी नाही, स्वतःची, आणि त्यांचंच वाढलेलं निघालं. आता घरात तर्री बंद.

फोटोवाल्याने आज नमुना पाठवला, सगळ्यांची तोंडं इतकी गुळगुळीत करून ठेवली आहेत की मोठ्या काकांच्या नाकावरचा जन्माचा तीळ पण गेला. काका म्हणतात तीळ परत टाका.

तर्रीवाला | ७ डिसेंबर, रात्री ११:२६

तर्री बंद??